वाम माशाच्या व्यापाराची कहाणी

वसईच्या बाजारांत मिळणारी वाम आपल्या परिचयाची आहे. ती जन्मभर समुद्रांतच राहते. दक्षिण युरोपांतील वाम मात्र नदींत वाढते व अंडीं घालण्यास समुद्रांत परतते. ह्या बाबतींत ती आपल्या नद्यांतील अहिराच्या जवळची. कित्येक शतकें मोठ्या व्यापाराचा जिन्नस असलेल्या ह्या माशाच्या ऱ्हासाची हकीकत आज सांगावयाची आहे.

तिचें जन्मस्थान अटलांटिक महासागरांतील सारगासो समुद्र असावा, असें योहानेस श्मिट ह्या डॅनिश शास्त्रज्ञानें १९२२ सालीं मांडिलें. तेथून प्रवाहाबरोबर वाहत आलेलीं पिल्लें काचेसारखीं पारदर्शक होऊन नद्यांत शिरतात. कित्येक वर्षांनीं तींच परत निघतात, एकदांच अंडीं घालतात आणि मरतात.

इटलींत पो नदीच्या मुखाजवळ कोमाक्क्यो नांवाचें गांव आहे. तेथील खाजणांच्या तोंडाशीं बोरूच्या काड्यांचे पाचरीच्या आकाराचे कूड उभारीत. हिवाळ्याच्या सुमारास, काळोख्या वादळी रात्रीं, समुद्राकडे निघालेली वाम त्यांत आपण होऊन येई. नायगांव-अर्नाळ्याच्या कोळी बांधवांस हें नवें वाटणार नाहीं. डोलीचेंही मर्म हेंच, जाळें जागच्या जागीं, चालतें तें पाणी. परंतु कोमाक्क्योस सांपडे तो वाढ झालेला मासा. स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर पिल्लेंच उपसून, लसूण-मिरची घालून ऑलिव्हच्या तेलांत परतण्याची चाल पडली. वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत राज्य करणाऱ्या पोर्तुगिजांच्या देशांतही मिन्यो नदींत पिल्लांची मासेमारी चालते.

पुढें पूर्व आशियांतील तळ्यांना हीं पिल्लें हवीं झालीं. ह्या माशाची पैदास बंदिस्त पाण्यांत व्यापारी प्रमाणावर अद्याप साधलेली नाहीं. नदींतून पिल्लें धरून तळ्यांत वाढवावयाचीं, एवढेंच. ह्यास ‘शेती’ म्हणणें मला पटत नाहीं. ज्या शेतांत बीं कधीं तयारच होत नाहीं, तें शेत कसलें!

१९८० च्या सुमारास पिल्लें झपाट्यानें घटलीं. धरणें, प्रदूषण, आशियांतून आलेला एक कृमि व अतोनात मासेमारी हीं कारणें सांगतात. दक्षिणेकडील किनाऱ्यांवर आतां १९६० ते १९७९ च्या मानानें सुमारें एक दशांशच पिल्लें येतात. युरोपीय संघानें २००७ सालीं नियम केले, २०१० पासून संघाबाहेरील निर्यात थांबविली. २०२१ सालीं शास्त्रज्ञांनीं मासेमारी सर्वस्वीं बंद करण्याचा सल्ला दिला. सरकारांनीं २०२३ पासून समुद्रांत व खाड्यांत सहा महिन्यांची बंदी घातली. स्पेनांत तर माशाच्या लगद्याच्या शेवया करून पिल्लांऐवजीं विकतात, आणि लोक त्या आवडीनें खातात.

आपल्याकडेही डोलीच्या बारीक आसाच्या खोळींत बोंबलाचीं पिल्लें येतातच. महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. पण भरतीओहोटीच्या पाण्यांत खोळींत शिरणारा मासा मोजून घेतां येत नाहीं. आस किती मोठा ठेवावयाचा, हा खरा वाद आहे, आणि ज्याचें घर त्या खोळीवर चालतें त्याला तो सोपा नाहीं.