हलकं आइस्क्रीम: काय काढलं, काय घातलं



उन्हाळा लागला की फ्रीजरमध्ये आइस्क्रीमचा डबा येतोच. हल्ली त्यावर ‘लो फॅट’, ‘शुगर फ्री’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. घरात कुणाला मधुमेह, कुणाला वजन उतरवायचं, म्हणून आपण तो डबा विश्वासाने उचलतो. पण हे हलकं आइस्क्रीम आलं कुठून? त्याचा बराचसा इतिहास अमेरिकेतला आहे. तो कळला की डबा पारखणं सोपं जातं.

कॅलरी मोजून जेवायची सवय तिथे रुजवली ती एका बाईने. लॉस एंजेलिसच्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांचं आहारावरचं पुस्तक १९१८ मध्ये आलं आणि खूप खपलं. पोळी-भाकरीचा हिशेब नगांत न करता कॅलरींत करा, असा त्यांचा आग्रह. एक ग्रॅम साखरेत ४ कॅलरी, तर एक ग्रॅम स्निग्धांशात ९. आइस्क्रीममधल्या कॅलरी मुख्यतः याच दोन पदार्थांतून येतात. मग ते कमी केले की झालं, असं वाटणारच.

पण ते इतकं सोपं नाही. स्निग्धांशामुळे आइस्क्रीम जिभेवर मऊ लागतं. साखर नुसती गोडीसाठी नसते, तिच्यामुळे मिश्रण दगडासारखं गोठत नाही. दोन्ही काढलं तर हाती बर्फाचा खडा येतो. म्हणून काही काढलं की त्या जागी दुसरं काही घालावंच लागतं.

साखरेच्या जागी काय घालायचं, याची शोधाशोध जुनीच. १८७९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर काम चालू असताना कॉन्स्टंटिन फालबर्ग यांना सॅकरिन सापडलं. साखरेच्या सुमारे ३०० पट गोड! पण चिमूटभर सॅकरिन गोडी देईल, साखरेने येणारा मऊपणा कुठून देणार?

स्निग्धांशाची गोष्ट वेगळी. कमी स्निग्धांशाच्या आइस्क्रीमला अमेरिकेत बरीच वर्षं आइस्क्रीम म्हणायचीच मुभा नव्हती. कायद्याने त्याचं नाव ‘आइस मिल्क’. १९९४ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने हे वेगळं नाव रद्द केलं आणि ‘लाइट’, ‘लो फॅट’ आइस्क्रीम अशी नावं वापरायला परवानगी दिली. पाटी बदलली आणि गरिबाघरचा वाटणारा पदार्थ एकदम आरोग्याचा झाला.

त्याआधी १९९० मध्ये ‘सिम्प्लेस’ नावाच्या पदार्थाला तिथे मान्यता मिळाली होती. खाताना तो तुपासारखा स्निग्ध लागे, पण तो होता प्रथिनांच्या अतिसूक्ष्म कणांचा. ही प्रथिनं कशातली? दुधातली आणि अंड्याच्या पांढऱ्यातली! आपल्यासारख्यांनी इथेच थबकायला हवं. ‘फॅट नाही’ एवढं वाचून ‘शाकाहारी आहे’ असं समजता येत नाही.

पुढे ‘हेलो टॉप’ आलं, तेही लॉस एंजेलिसचंच. स्टीव्हिया आणि एरिथ्रिटॉल घालून केलेलं, आणि त्यातही अंडं. सुमारे अर्ध्या लिटरच्या डब्यात किती कॅलरी, तो आकडा डब्याच्या दर्शनी बाजूलाच मोठ्या अक्षरांत. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या दुकानांत त्या मापाच्या डब्यांत ते सर्वांत जास्त खपलं. कॅलरी कमी म्हणून अख्खा डबा एका बैठकीत संपवायची पद्धतही त्याबरोबर पडली. त्याच सुमारास, २०१६ मध्ये, तिथल्या सरकारने लेबलवरचं आइस्क्रीमचं एका वेळचं माप अर्ध्या कपावरून दोन-तृतीयांश कप केलं, कारण लोक प्रत्यक्षात तेवढं खाऊ लागले होते. आइस्क्रीम हलकं होत गेलं, वाटी मात्र मोठी झाली.

आपल्याकडे नियमाप्रमाणे साध्या आइस्क्रीममध्ये निदान १० टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो, ‘लो फॅट’मध्ये तो २.५ टक्क्यांहून जास्त नसावा. पण ‘लो फॅट’मध्ये साखर भरपूर असू शकते आणि ‘शुगर फ्री’मध्ये मलई. ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणजे तर वनस्पती तेलाचा पदार्थ, त्याचा हलकेपणाशी संबंध नाही. अंडं असेल तर आपल्या कायद्यानुसार हिरवा ठिपका मिळत नाही, हा मोठा आधार. परदेशातल्या लेकी-सुनांना तो आधार नसतो. त्यांनी घटकांची यादी ओळ न ओळ वाचावी, जिलेटिनसाठीसुद्धा.

म्हणून आधी हिरवा ठिपका बघा, मग साखर आणि फॅट दोन्ही आकडे, आणि ते किती ग्रॅमसाठी दिलेत तेही. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. आणि वाढताना लहान वाटी काढा. बारा तपांत ऊणोदरी सांगितली आहे, भुकेपेक्षा दोन घास कमी. ती कुठल्याही डब्यात भरून मिळत नाही, ती आपल्या वाढण्यातच असते.