वसईच्या विहिरींचे गोडे पाणी

आमची अंबाडी समुद्रापासून बरीच आत. भिवंडी-वाडा रस्त्यावरच्या नाक्यावरून एक रस्ता पश्चिमेला फुटतो आणि वज्रेश्वरी, उसगाव, शिरसाड करीत वसईच्या बाजूला उतरतो. वज्रेश्वरीचे देऊळ म्हणजे चिमाजी अप्पांनी वसई सर व्हावी म्हणून बोललेला नवस, असे इकडे सगळेच सांगतात. १७३९ मध्ये वसई सर झाली. तेव्हापासून 'वसईचा लढा' म्हटले की किल्ला, बुरूज आणि सुरुंग आठवतात. मला आज तिथल्याच दुसऱ्या एका लढ्याविषयी बोलायचे आहे. तो विहिरींसाठी झाला.

वसईची पश्चिम पट्टी, म्हणजे आगाशी, नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज ही गावे, समुद्राला अगदी लागून आहे. तरीही तिथे केळी, पानवेली, भाजीपाला, मोगरा. ही भाजी आणि फुले पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात जात. खाऱ्या समुद्राशेजारी एवढे गोडे पाणी कुठून आले?

याचे उत्तर जमिनीखाली आहे. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खाली शिरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण समुद्राचे पाणी त्याहून थोडे जड असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेदरलँड्सचे बॅडॉन घायबेन आणि त्यांच्यानंतर जर्मनीचे हर्झबर्ग यांनी याचा हिशेब मांडला. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक फूट उंच असेल, तर समुद्रसपाटीखाली सुमारे ४० फुटांपर्यंत गोडे पाणी मिळते. आता हाच हिशेब उलटा करून पाहा. पातळी एक फूट उतरली की खालून खारे पाणी जवळजवळ ४० फूट वर चढू पाहते. विहीर आटण्याआधीच मचूळ होते, आणि एकदा खारी झालेली विहीर लवकर गोडी होत नाही.

वसईच्या बागायतदारांना हे पुस्तकावाचून ठाऊक असावे. त्यांनी वाडीवाडीत बावखले खणली होती. बावखल म्हणजे बांधीव काठ नसलेले तळे. त्यात पावसाळ्यात पाणी साठे, सावकाश मुरे आणि आसपासच्या विहिरी गोड राहत. काठावर रहाट असे, बागेला पाणी जाई, पोरे तिथेच पोहायला शिकत. रहाटाची एक गंमत लक्षात घ्या. बैल दमतो, थांबतो, तेवढ्यात विहीर भरून येते. पंप दमत नाही.

१९८८च्या सुमारास सरकारने इथली हरित जमीन मोठ्या प्रमाणावर बांधकामाला खुली केली, आणि १९९० मध्ये वसई-विरारच्या नियोजनाचे काम 'सिडको'कडे गेले. नालासोपारा, विरार, वसई रोड इथे इमारती उभ्या राहिल्या, पण नळाचे पाणी त्यांच्यामागोमाग आले नाही. मग पश्चिम पट्टीतल्या विहिरींना पंप बसले आणि टँकर रांगेने धावू लागले. खरा पेच इथे होता. पाणी विकणारा गावातलाच. विहीर त्याची, जमीन त्याची, पण जमिनीखालचा साठा सगळ्यांचा. याने पाणी उपसले की शेजाऱ्याची केळी करपत.

तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने 'हरित वसई संरक्षण समिती' उभी राहिली. दिब्रिटो पुढे २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले. मोर्चे निघाले, त्यात हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही समाज होते. बिल्डरांविरुद्ध घोषणा देणे त्या मानाने सोपे. 'दादा, तुमचा पंप बंद करा' हे आपल्याच आळीतल्या माणसाला सांगणे फार अवघड, आणि या मंडळींनी तेही सांगितले. मला त्यांचे मोठे कौतुक वाटते ते यासाठी.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मुंबईत घर परवडत नाही म्हणून नालासोपाऱ्यात आलेल्या माणसाला टँकरवाचून पाणी कुठले? पुढे सूर्या धरणाचे पाणी नळाने आले, तर डहाणू-पालघरच्या आदिवासी शेतकऱ्यांनी हरकत घेतली, कारण ते पाणी त्यांच्या शेतीचे होते. आम्हा तानसाकाठच्या लोकांना हे नवीन नाही. तानसाचे धरण १८९२चे. तेव्हापासून आमच्या तानसाचे पाणी नळातून मुंबईला जाते.

लढा पुरता जिंकला असे मी म्हणणार नाही. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, तेव्हा गावे वगळा म्हणून लोक पुन्हा रस्त्यावर आले. जुलै २०१८ मध्ये वसई कित्येक दिवस पाण्यात राहिली. पाणी मुरण्याच्या आणि साठण्याच्या जागा बुजल्या होत्या, हे त्यामागचे एक कारण. बावखलांतही कुठे भराव पडला होता, कुठे नुसता कचरा.

अलीकडे गिरीजसारख्या गावांतले तरुण सुटीच्या दिवशी बावखलात उतरून गाळ आणि प्लॅस्टिक काढतात. काम चिखलाचे आहे. ते पावसाआधी उरकावे लागते, कारण मृग लागला की बावखल भरायला सुरुवात होते.