जपानमधील जाहिरात-गीते आणि गायिका

जपानमधील दूरचित्रवाणी जाहिरातींतून लोकांच्या कानी पडलेली आणि स्वतंत्र ध्वनिमुद्रिका म्हणूनही लोकप्रिय झालेली गीते ही त्या देशाच्या सुगम संगीतातील एक महत्त्वाची शाखा होय. जपानी भाषेत अशा गीतास 'सीएम साँग' म्हणतात. 'सीएम' हे 'कमर्शियल मेसेज' या शब्दांचे लघुरूप आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या शाखेचा विशेष विस्तार झाला. सौंदर्यप्रसाधने, वस्त्रे, शीतपेये व मिठाई यांच्या जाहिरातींमुळे त्यात गायिकांचा वाटा मोठा राहिला.

संज्ञा व प्रकार

या गीतांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार म्हणजे उत्पादनाचे किंवा कंपनीचे नाव घोळवणारी छोटी धून (जिंगल). दुसरा 'इमेज साँग': यात उत्पादनाचे नाव सहसा येत नाही, ऋतू, प्रवास, प्रेम किंवा एखादी भाववृत्ती यांचे चित्रण असते आणि गीत पूर्ण लांबीचे असते. तिसऱ्या प्रकारात आधीच तयार असलेले किंवा प्रकाशित होणार असलेले गीत जाहिरातीशी जोडले जाते. गीत आणि जाहिरात यांच्या अशा जोडणीला जपानमध्ये 'टायअप' म्हणतात.

प्रारंभ

जपानमध्ये खासगी नभोवाणी सप्टेंबर १९५१ मध्ये सुरू झाली. त्याच महिन्यात प्रसारित झालेले 'बोकु वा अमाच्युआ कामेरामान' हे देशातील पहिले जाहिरात-गीत मानले जाते. छायाचित्रणाची फिल्म बनवणाऱ्या कोनिशिरोकू कंपनीसाठी तोरिरो मिकी यांनी ते रचले व कात्सुहिको हाइदा यांनी गायले. त्यात कंपनीचे नाव नव्हते. २८ ऑगस्ट १९५३ रोजी निप्पॉन टेलिव्हिजन ही पहिली खासगी दूरचित्रवाणी वाहिनी सुरू झाली आणि जाहिरातीला दृश्याची जोड मिळाली. आसेइ कोबायाशी यांनी १९६१ मध्ये रेनाउन या वस्त्रकंपनीसाठी रचलेले 'वान्साका मुसुमे' पुढे अनेक गायिकांच्या आवाजांत प्रसारित झाले. १९६५ मध्ये ते फ्रेंच गायिका सिल्व्ही व्हार्तां यांनी गायले.

सौंदर्यप्रसाधनांच्या मोहिमा

१९७० च्या दशकाच्या अखेरीस शिसेइदो व कानेबो या दोन सौंदर्यप्रसाधन कंपन्यांत स्पर्धा तीव्र झाली. ऋतुमानानुसार होणाऱ्या प्रत्येक मोठ्या मोहिमेसाठी एक घोषवाक्य ठरवले जाई आणि त्यावर गीत बेतले जाई. १९८० च्या वसंतात शिसेइदोने मारिया ताकेउची यांचे 'फुशिगी ना पीच पाय', तर कानेबोने माचिको वातानाबे यांचे 'कुचिबिरु यो, आत्सुकु किमि ओ कातारे' वापरले. दोन्ही गीतांची शीर्षके मोहिमांच्या घोषवाक्यांशी निगडित होती. १९८३ च्या वसंतात शिसेइदोसाठी एपो या गायिकेचे 'उ, फु, फु, फु' आले. त्याच काळात वाकोल या अंतर्वस्त्र कंपनीच्या जाहिरातीतील 'मिसेरारेते' (१९७९) हे ज्युडी ओंग यांचे गीत विशेष गाजले. योको आकी यांची शब्दरचना व क्योहेइ त्सुत्सुमि यांचे संगीत असलेल्या या गीतास त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कार मिळाला.

सेइको मात्सुदा

सेइको मात्सुदा यांच्या कारकिर्दीत या पद्धतीच्या सर्व बाजू दिसतात. एप्रिल १९८० मधील त्यांचे पहिले गीत 'हादाशी नो किसेत्सु' शिसेइदोच्या 'एकुबो' या मुखप्रक्षालकासाठी वापरले गेले. 'एकुबो' म्हणजे गालावरची खळी. सेइको यांच्या गालावर खळी नसल्याने जाहिरातीत दुसरी तरुणी दिसली आणि सेइको यांचा केवळ आवाज ऐकू आला. दुसरे गीत 'आओइ सांगोशो' ग्लिकोच्या आइस्क्रीमच्या जाहिरातीतून घरोघरी पोहोचले. १९८३ मध्ये सनटोरीच्या बिअरच्या जाहिरातीत पेंग्विनच्या तोंडी 'स्वीट मेमरीज' हे गीत घातले होते. प्रारंभी गायिकेचे नाव पडद्यावर दिले जात नव्हते. त्यामुळे हा आवाज कोणाचा, अशी विचारणा होऊ लागली. मुळात 'गारासु नो रिंगो' या ध्वनिमुद्रिकेच्या मागील बाजूस असलेले हे गीत नंतर समान दर्जा देऊन पुन्हा प्रकाशित करण्यात आले.

१९९० नंतर

१९९० च्या दशकात टायअप हा गीत प्रकाशित करण्याचा नेहमीचा मार्ग बनला. झार्ड या समूहाच्या गायिका व गीतकार इझुमी साकाई दूरचित्रवाणीवर क्वचितच दिसत. त्यांचे 'युरेरु ओमोइ' (१९९३) पोकारी स्वेट या पेयाच्या जाहिरातीतून सर्वत्र पोहोचले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोमी हिरोसे यांचे 'रोमान्सु नो कामिसामा' हे स्वरचित गीत आल्पेन या क्रीडासाहित्य विक्रेत्याच्या जाहिरातीत आले. त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि हिवाळा व बर्फावरील खेळ यांच्याशी हिरोसे यांचे नाव कायमचे जोडले गेले. २००८ मध्ये नामिए आमुरो यांनी केशप्रसाधनाच्या एका मोहिमेसाठी १९६०, १९७० व १९८० या तीन दशकांच्या संगीतावर आधारित तीन गीतांची ध्वनिमुद्रिका काढली.

रचनेवरील परिणाम

जपानी दूरचित्रवाणीवरील जाहिरात सामान्यतः १५ किंवा ३० सेकंदांची असते. एवढ्या अवधीत ओळख पटावी म्हणून गीताचा सर्वांत आकर्षक भाग वापरला जातो. त्यास जपानी संगीतव्यवसायात 'साबी' म्हणतात. पुष्कळ गीते थेट साबीनेच सुरू होतात. मोहिमेचे घोषवाक्य आधी ठरल्यास गीतकाराला त्याभोवतीच शब्द गुंफावे लागतात.

मूल्यमापन

या पद्धतीमुळे नवोदित गायिकांना अल्पावधीत देशव्यापी श्रोते मिळाले आणि निर्मात्यांचा प्रसिद्धीखर्च वाटला गेला. उलटपक्षी, गीताचा विषय, ऋतू आणि स्त्रीची प्रतिमा ही विक्रेत्याच्या गरजेनुसार ठरू लागली. ओठ, डोळे, त्वचा यांवरील गीतांची रेलचेल हे त्याचेच फलित होय. गायिकेचे स्वातंत्र्य हा प्रश्न यातूनच उद्भवतो. ताकेउची स्वतः गीतकार असूनही 'फुशिगी ना पीच पाय' इतरांनी रचलेले होते. काही काळाच्या विश्रांतीनंतर १९८४ मध्ये आलेल्या 'व्हरायटी' या संग्रहातील सर्व गीते मात्र त्यांची स्वतःची होती. तथापि जाहिरातीचे आयुष्य एका ऋतूचे असते. यांतील अनेक गीते मात्र मूळ उत्पादन विस्मृतीत गेल्यावरही गायली जातात.

हेही पहा

जे-पॉप
कायोक्योकु
जपानी आयडॉल
जपान रेकॉर्ड पुरस्कार