वाटीतले पाणी, ताटलीतले पाणी

मांजराला दूध पिताना आपण सर्वांनी पाहिलेले असते. पण पाणी पिताना? हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. बरीच मुले विचारात पडतील. कुत्रा उन्हातून आला की जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि पाण्याचे भांडे दिसताच लपलप पिऊ लागतो. मांजर मात्र भरलेल्या वाटीजवळून तोंड फिरवून निघून जाते. एखादी मुलगी मात्र वेगळेच सांगेल : "आमची मनी बारा वर्षांची आहे. ती हल्ली सारखी पाणी पिते."

ही दोन्ही निरीक्षणे खरी आहेत. तरुणपणी पाण्याकडे ढुंकूनही न पाहणारे मांजर म्हातारपणी वाटी रिकामी करते. असे का होते? याचे उत्तर शोधायला निघालो, तर आपण केवळ मांजराच्या मूत्रपिंडापाशी थांबत नाही. गेल्या दीडशे वर्षांत माणसाने मांजराच्या ताटलीत काय वाढले, त्याचा इतिहासच आपल्याला चाळावा लागतो.

वाळवंटाचा वारसा

आपल्या घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशातले रानमांजर. २००७ साली जगभरच्या मांजरांच्या डीएनएची तुलना झाली, तेव्हा पाळीव मांजरांचे मूळ पश्चिम आशियातल्या रानमांजरांपर्यंत जाऊन पोहोचले. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला आहे. धान्याची कोठारे आली, कोठारांमागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले.

उंदीर हे मांजराचे अन्न, तसेच ते त्याचे पाणीही! उंदराच्या शरीरात वजनाच्या सुमारे दोनतृतीयांश पाणी असते. दिवसाला सात-आठ उंदीर खाणाऱ्या मांजराला वेगळी विहीर शोधावी लागत नाही.

मात्र मांसाहारात एक अडचण असते. प्रथिनांपासून युरिया तयार होतो आणि तो बाहेर टाकायला पाणी खर्च होते. म्हणून थोड्या पाण्यात जास्त युरिया विरघळवून टाकणारे मूत्रपिंड हवे. १८६२ साली जर्मन शास्त्रज्ञ याकोब हेन्ले यांनी मूत्रपिंडातील इंग्रजी 'यू' अक्षरासारख्या वळणाऱ्या सूक्ष्म नलिकांचे वर्णन केले. या वळशांमुळेच लघवीतले पाणी परत शोषले जाते, ही कल्पना वेर्नर कून यांनी १९४२ मध्ये मांडली आणि १९५१ च्या सुमारास तिला प्रयोगांचा आधार मिळाला. मांजराच्या मूत्रपिंडातले हे वळसे लांब असतात. माणसाची लघवी जास्तीत जास्त रक्ताच्या चौपट तीव्र होऊ शकते. मांजराची दहापट होऊ शकते.

गाडीवरचे मांस, मग डबा, मग दाणा

हजारो वर्षे मांजराचे अन्न ओलेच राहिले. आपल्याकडे कोकणात मासळीची डोकी आणि भात, देशावर दूधभाकरी किंवा दूधभात. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकात घोड्याचे उकडलेले मांस काडीला टोचून घरोघर विकणारे फेरीवाले असत. हेन्री मेह्यू यांनी १८५१ साली लंडनच्या गरीब कष्टकऱ्यांविषयी जे मोठे पुस्तक लिहिले, त्यात या मांजरमांसवाल्यांचेही वर्णन आहे.

त्याच लंडनमध्ये १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन व्यावसायिकाने कुत्र्यांसाठी बिस्किटे विकायला काढली. जहाजावरच्या खलाशांची कडक बिस्किटे बंदरावरची कुत्री खातात, हे पाहून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. पाळीव प्राण्यांच्या तयार खाद्याचा धंदा इथून सुरू झाला. १९२० च्या दशकात अमेरिकेत डबाबंद मांस आले. ते ओले होते, त्यामुळे पाण्याचा प्रश्न उद्भवला नाही. पण दुसऱ्या महायुद्धात पत्रा सैन्यासाठी लागू लागला. कुत्र्यामांजरांच्या खाद्याला डबे मिळेनासे झाले आणि कारखानदार कोरड्या खाद्याकडे वळले.

युद्ध संपले तरी कोरडे खाद्य गेले नाही. उलट १९५७ मध्ये अमेरिकेतल्या प्युरिना कंपनीने दाब आणि उष्णता देऊन फुलवलेले कुत्र्यांचे दाणेदार खाद्य बाजारात आणले. न्याहारीच्या धान्यपदार्थांसाठी वापरले जाणारे तंत्रच इथे कामी आले. १९६० च्या दशकात असाच दाणा मांजरांसाठीही आला. या दाण्यात पाणी दहा टक्क्यांहूनही कमी असते. ते तसे असावेच लागते, नाहीतर त्याला बुरशी लागेल. तो टिकतो, स्वस्त पडतो, वास मारत नाही, सकाळी ओतून कामावर जाता येते. ही सगळी सोय माणसाची, हे लक्षात ठेवू.

याच काळात आणखी एक बदल झाला. १९४७ साली अमेरिकेत एडवर्ड लो यांनी मांजराच्या विष्ठेसाठी पाणी शोषणारी माती विकायला सुरुवात केली. त्यामुळे मांजराला चोवीस तास घरात ठेवणे शक्य झाले. मांजर गाडीखाली येईना, भांडणात जखमी होईना. ते जास्त जगू लागले, पण त्याचे उंदीर मात्र सुटले.

१९५९ चा प्रयोग

मांजर पाण्यावाचून किती काळ काढू शकते, हे मोजले ते वेगळ्याच प्रश्नाच्या ओघात. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. वुल्फ तहानेचा अभ्यास करत होते. १९५८ साली त्यांचे तहानेवरचे पुस्तक आले. पुढच्याच वर्षी प्रेंटिस, वुल्फ आणि एडी यांनी मांजरांना पिण्याचे पाणी अजिबात न देता केवळ मासे किंवा मांस खायला दिले. मांजरे ठणठणीत राहिली! अट एकच होती : अन्न पुरेसे ओले हवे. अन्नात ६७ ते ७३ टक्के पाणी असेल तर भागत होते. तेच अन्न थोडे सुकवून पाणी ६३ टक्क्यांवर आणले, की शरीरातले पाणी कमी होऊ लागे. वुल्फ यांच्या दुसऱ्या एका शोधनिबंधात मांजर समुद्राच्या पाण्यावरही आपला तोल राखू शकते, असे दिसून आले. माणसाला हे जमत नाही.

म्हणजे मांजराला पाणी लागत नाही, असे नाही. त्याचे पाणी वाटीत नव्हते, ताटलीत होते. गंमत अशी, की हा निष्कर्ष छापून आला त्याच्या आगेमागेच सहा-सात टक्के पाण्याचा दाणा बाजारात येत होता.

थोडा हिशेब करू

चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी ऊर्जा आणि २०० मिलिलिटरच्या आसपास पाणी लागते, असे धरू. डबाबंद ओल्या अन्नाच्या एका ग्रॅममधून सुमारे १ किलोकॅलरी मिळते आणि त्यात ७८ टक्के पाणी असते. म्हणजे २०० ग्रॅम अन्नातून १५६ मिलिलिटर पाणी आले. अन्न जळताना शरीरातच आणखी २०-२५ मिलिलिटर पाणी तयार होते. वाटीतून प्यायचे उरले जेमतेम २० मिलिलिटर.

आता दाण्याकडे वळू. एका ग्रॅममधून सुमारे ३.७ किलोकॅलरी, म्हणून ५४ ग्रॅम दाणे पुरतात. त्यातले पाणी फक्त ४-५ मिलिलिटर. शरीरात तयार होणारे २०-२५ धरले, तरी वाटीतून १७० मिलिलिटर प्यायला हवे.

हे मांजराला जमेल का? २०१० साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्याने मांजराच्या जिभेचे चित्रण केले. मांजर जिभेचा चमचा करत नाही. जिभेचे टोक पाण्याला नुसते टेकवून झटकन वर ओढते; पाण्याचा खांब वर चढतो आणि तो कोसळण्याआधी मांजर तोंड मिटते. दर वेळी सुमारे एकदशांश मिलिलिटर पाणी तोंडात जाते, आणि सेकंदाला तीन-चार वेळा असे घडते. म्हणजे १७० मिलिलिटरसाठी १७०० वेळा, आणि वेळ लागेल आठ-नऊ मिनिटे. दिवसात नऊ मिनिटे काही फार नाहीत. अडचण जिभेची नाही, तहानेची आहे. शरीरातले पाणी कमी झाले की कुत्रा ते लगेच पिऊन भरून काढतो; मांजर ते सावकाश भरून काढते आणि तोवर लघवी घट्ट करून वेळ निभावते. वाळवंटात उपयोगी पडलेली ही सवय दाण्याच्या ताटलीपुढे तोकडी पडते.

१९७० च्या दशकात अनेकांनी प्रत्यक्ष मोजमापे केली. दाणे खाणारी मांजरे वाटीतून कितीतरी जास्त पाणी पीत होती. पण अन्नातले आणि वाटीतले पाणी एकत्र मोजले, की बहुधा त्यांचीच बेरीज कमी भरे. नुसत्या वाटीकडे पाहणाऱ्याला मात्र नेमके उलटे वाटले असते.

खड्यांचा धडा

त्याच दशकात बोक्यांची लघवी तुंबण्याच्या तक्रारींनी पशुवैद्यांचे लक्ष वेधले. डेन्मार्कमध्ये प्रेबेन विलेबर्ग यांनी आजारी आणि निरोगी मांजरांची तुलना करून १९७५ च्या सुमारास दाखवले, की कोरडे खाद्य, खच्चीकरण आणि बैठे आयुष्य यांच्याशी या आजाराचा संबंध दिसतो. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे, पण दिशा मिळाली.

संशोधकांचे लक्ष प्रथम गेले ते मॅग्नेशियमकडे, कारण खडे मुख्यतः मॅग्नेशियमयुक्त स्ट्रुव्हाइटचे होते. १९८५ मध्ये असे दिसले, की लघवी आम्लधर्मी असेल तर हे खडे सहसा होत नाहीत. मग खाद्ये आम्लता वाढवणारी करण्यात आली. परिणाम काय झाला? मिनेसोटा विद्यापीठातल्या केंद्रात तपासलेल्या मांजरांच्या खड्यांपैकी १९८१ मध्ये ७८ टक्के स्ट्रुव्हाइटचे होते आणि अवघे २ टक्के कॅल्शियम ऑक्झलेटचे. २००२ मध्ये स्ट्रुव्हाइट ३३ टक्क्यांवर उतरले आणि ऑक्झलेट ५५ टक्क्यांवर गेले. या बदलामागे आम्लधर्मी खाद्यांचा वाटा असावा, असे मानले जाते. स्ट्रुव्हाइटचे खडे खाद्य बदलून विरघळवता येतात. ऑक्झलेटचे येत नाहीत.

लघवी पातळ असेल तर दोन्ही प्रकारच्या खड्यांना आळा बसतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एकाच कोरड्या खाद्यात पाणी घालून ६.३, २५.४, ५३.२ आणि ७३.३ टक्के ओलाव्याची चार अन्ने मांजरांना दिली. पाण्याची एकूण बेरीज लक्षणीय वाढली ती फक्त ७३.३ टक्क्यांच्या अन्नाने. १९५९ चा आकडा आठवतो ना? उंदीर, मासा, मांस हे सारे याच पट्टीतले.

म्हातारपणी काय होते

आता बारा वर्षांच्या मनीकडे परत येऊ. वय वाढते तसे मूत्रपिंडातले कार्यकारी घटक, म्हणजे नेफ्रॉन, एकेक करून निकामी होऊ शकतात. जुनाट मूत्रपिंडविकार हा म्हाताऱ्या मांजरांचा नेहमीचा आजार आहे. सुमारे दोनतृतीयांश नेफ्रॉन गेले, की लघवी घट्ट करण्याची शक्ती ओसरते. वाळवंटाचा वारसा इथे संपतो. पातळ लघवी भरपूर होऊ लागते, शरीर कोरडे पडते आणि मांजर वाटीकडे धाव घेते. मधुमेहात आणि थायरॉइड ग्रंथी अतिक्रियाशील झाल्यावरही तहान वाढते. त्यातून सांधे दुखत असतील तर वाटीपर्यंत जाणेही जड होते.

इथे अनेक घरांत एक घातक चूक होते. मांजर घर ओले करते म्हणून रात्री पाण्याची वाटी उचलून ठेवली जाते. कार्यकारणभाव इथे उलटा झाला. मनी फार पाणी पिते म्हणून तिला लघवी होत नाही. लघवी आवरत नाही म्हणून ती पाणी पिते. वाटी उचलली, तर लघवी थांबत नाही. मांजर आतून सुकते आणि उरलेसुरले मूत्रपिंडही धोक्यात येते.

कोरड्या दाण्यामुळेच मूत्रपिंड बिघडते, असे सिद्ध झालेले नाही. पण बिघडलेल्या मूत्रपिंडाला ओल्या अन्नाची मदत होते, हे वरच्या हिशेबावरून समजते. बदल मात्र हळूहळू करावा. हट्टी मांजर काही दिवस उपाशी राहिले, तर त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतते. आणि तहान अचानक वाढली, तर पशुवैद्याकडे जावे. जाताना दोन गोष्टी लिहून न्याव्यात : वाटीतून किती पाणी गेले आणि ताटलीत काय होते. दाणे खाणाऱ्या मांजराने पाऊण वाटी पाणी पिणे एक वेळ स्वाभाविक असू शकेल. मासे-मांस खाणाऱ्याने तेवढेच पिणे हा इशारा असतो.

वर्गासाठी

यासाठी मांजर आणायची गरज नाही. शिजवलेला भात, भाकरी, बिस्कीट आणि काकडी यांचे प्रत्येकी दहा ग्रॅम तुकडे कडक उन्हात, वजन आणखी घटेनासे होईपर्यंत वाळवा. किती टक्के पाणी उडाले? मग मुलांना आपण दिवसभरात 'खाल्लेल्या' पाण्याची बेरीज करायला सांगा. आपण पाणी फक्त पितो, ही समजूत तिथेच दूर होईल. आणि एखादी मुलगी घरी जाऊन मनीची उचललेली वाटी परत खाली ठेवील.