वाइड लेन्स आणि अंतराचं गणित

३६ बाय २४ मिमीच्या फुल फ्रेम सेन्सरवर २४ मिमीची लेन्स आडवा सुमारे ७४ अंशांचा पट्टा टिपते, १६ मिमीची सुमारे ९७ अंशांचा. त्यामुळेच समोरचं सगळं मावावं म्हणून वाइड लावायची, असा समज रूढ झाला. सप्टेंबरात कास पठारावर काढलेले कितीतरी फोटो या समजाला बळी पडलेले असतात: वर फिकट आभाळ, खाली हिरवट पट्टा, त्यात रंगाचे ठिपके. सगळं मावतं, पण नजर कुठेच ठरत नाही.

वस्तूचा फोटोतला आकार तिच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. तेरड्याचा एक झुपका ६० सेंमीवर आणि तेवढाच दुसरा ६ मीटरवर असेल, तर पहिला दहापट मोठा उमटतो. दहा मीटर मागे सरलात की हेच प्रमाण जेमतेम दीडपटीवर येतं, मग लेन्स कोणतीही असो. खोली ठरते ती आपण कुठे उभे आहोत यावर. वाइड लेन्स फक्त इतक्या जवळ जाऊनही मागचं पठार चौकटीत राहू देते. म्हणून आधी जवळचं फूल निवडावं, मग क्षितिजाचा विचार करावा.

उभ्याने, डोळ्याच्या उंचीवरून, हे जमत नाही. पायाशी असलेलं फूलही दीड मीटर दूर असतं. गुडघ्याच्या उंचीवर यावं. त्याहून खाली गेलं तर पुढची फुलं मागचं सगळं झाकतात. २० मिमी, एफ/११ आणि सव्वा मीटरवर फोकस ठेवला की साधारण ६० सेंमीपासून अनंतापर्यंत सगळं रेखीव येतं. हे सारं पायवाटेवरूनच करावं. जांभ्यावरचा मातीचा थर इतका पातळ आहे की एका फोटोसाठी आत टाकलेलं पाऊल मला अक्षम्य वाटतं.

कडांची गोष्ट वेगळी. १६ मिमीच्या आडव्या चौकटीत डाव्या किंवा उजव्या कडेला उभ्या माणसाचं डोकं उंचीच्या मानाने सुमारे दीडपट रुंद दिसतं. हा भिंगाचा दोष नव्हे. सरळ रेषा सरळ ठेवून एवढा मोठा कोन सपाट पृष्ठावर पसरायचा, तर ताण कडेलाच येणार. माणसं मध्याजवळ घ्यावीत. कडेला खडक, गवत चालतं.

वेरूळच्या कैलास लेण्यात मात्र अडचण उभ्या रेषांची. ध्वजस्तंभ मावावा म्हणून कॅमेरा वर कलवला की स्तंभ आणि मंदिर माथ्याकडे एकमेकांवर झुकतात. कॅमेरा समतल ठेवून उभी चौकट घ्यावी. मग खाली प्रांगणाची बरीच फरशी येते, आणि तिथे जवळ काय ठेवायचं हा कासचाच प्रश्न पुन्हा समोर येतो.