साराएव्होची गाझी खुस्रोबेग मशीद आणि तिचा वक्फ

बोस्नियाची राजधानी साराएव्होच्या जुन्या बाजारपेठेत, बाश्चार्शियात, गाझी खुस्रोबेग मशीद उभी आहे. उस्मानी सुलतान दुसरा बायजीद याचा हा दौहित्र इ.स. १५२१ मध्ये बोस्नियाचा सुभेदार झाला. मशीद १५३० च्या सुमारास पूर्ण झाली. अंगणात वुजूसाठी कारंजे असून खुस्रोबेगची कबरही तेथेच आहे. शेजारच्या मनोऱ्यावरील घड्याळात सूर्यास्ताला बारा वाजतात, त्यामुळे मगरिबची वेळ समजते.

या वास्तूचे खरे महत्त्व तिच्या वक्फमध्ये आहे. बाजारातील दुकाने, सराई व हमाम यांच्या उत्पन्नातून मशीद, मदरसा आणि गरिबांसाठीचा लंगर चालत असे. १५३७ मध्ये मशिदीसमोर मदरसा स्थापन झाला. त्याच्या वक्फनाम्यात एक अट होती: बांधकामातून उरलेल्या रकमेची पुस्तके घ्यावीत आणि ती विद्यार्थ्यांनी व अभ्यासकांनी वापरावीत. याच अटीतून तेथील ग्रंथालय उभे राहिले.

१९९२ ते १९९६ च्या वेढ्यात मशिदीवर तोफगोळे पडले. ऑगस्ट १९९२ मध्ये शहरातील राष्ट्रीय ग्रंथालय जळाले. खुस्रोबेग ग्रंथालयातील हस्तलिखिते मात्र कर्मचाऱ्यांनी वेळोवेळी जागा बदलून वाचविली. १९९६ मध्ये मशिदीची दुरुस्ती सुरू झाली आणि २०१४ मध्ये ग्रंथालयाची नवी इमारत उघडली. मदरसा आजही चालू आहे.

वक्फ करणाऱ्याने इमारतीबरोबर पुस्तकांचाही विचार केला, म्हणून जवळजवळ पाच शतकांनंतरही त्या समाजाचा लिखित वारसा त्याच्याच हाती राहिला. आपल्या शिक्षणसंस्थांनी वक्फच्या उत्पन्नाचा विनियोग ठरविताना ही अट लक्षात घेण्याजोगी आहे.