निशि-कासाई, मौजा हुडकेश्वर

बऱ्याच शनिवारांनंतर लिहायला बसलोय. टोकियोहून परत येऊन सहा महिने झाले, फोटो अजून लॅपटॉपवरच पडून आहेत. भेटेल तो विचारतो, "फुजी पाहिला का?" पाहिला, ट्रेनच्या खिडकीतून. पण मला आठवतात त्या टोकियोच्या वस्त्या. अकरा महिने ऑनसाइट होतो. दर शनिवारी सकाळी मेट्रोचा दिवसभराचा पास काढायचा, नाव आवडेल त्या स्टेशनवर उतरायचं आणि पाय दुखेपर्यंत चालायचं. एवढाच कार्यक्रम.

राहायला होतो निशि-कासाईला, एदोगावा प्रभागात. टोकियोत सर्वांत जास्त भारतीय याच प्रभागात आहेत. याची सुरुवात वाय-टू-केपासूनची. दोन हजार साल उजाडताना संगणक कोसळतील या भीतीने जपानी कंपन्यांनी आपल्याकडून इंजिनियर बोलावले. घरमालक परदेशी माणसाला घर द्यायला तयार नसत. इथल्या सरकारी गृहसंस्थेच्या इमारतींत मात्र जामीनदार लागत नव्हता आणि मालकाला नजराण्याची ती जादाची रक्कमही द्यावी लागत नव्हती. शिवाय तोझाई लाइनने ओतेमाचीची ऑफिसं वीस मिनिटांच्या आत. मग काय, एकामागून एक सगळे तिथेच. 2019 साली योगेंद्र पुराणिक हा आपला मराठी माणूस एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडूनही आला. तूरडाळ, कढीपत्ता, इडलीचं पीठ... स्टेशनपासून चालत पाच मिनिटांत सगळं मिळतं. पहिल्या महिन्यात तर मी जपानात आहे असं वाटायचंच नाही!

वाटायला लागलं ते एका रविवारी. आबाजींशी (म्हणजे माझे आजोबा, वय सत्याऐंशी) व्हिडिओ कॉल चालू होता. मी बाल्कनीतून खाली फोन फिरवून दाखवत होतो, समोर इमारती, पलीकडे समुद्राची बाजू. त्यांनी इमारतींबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाले, "पह्यले काय होतं बे तिथं? कोनाचं वावर होतं?"

मी म्हटलं, "माहीत नाही आबाजी." खरंच माहीत नव्हतं.

मग शोधलं. तिथे वावर नव्हतं, पाणी होतं. आणि त्या पाण्यात शेती होती! सुशीला जे काळं गुंडाळलेलं असतं ना, ते नोरी, म्हणजे समुद्री शेवाळ. टोकियोच्या उपसागरात शेकडो वर्षं त्याचं पीक काढत. उथळ पाण्यात बांबू किंवा झाडाच्या फांद्या रोवायच्या, शेवाळ त्यांना धरायचं. ऐन हिवाळ्यात पहाटे छोट्या होडीतून जाऊन ते हाताने खुडायचं, बारीक चिरायचं आणि कागद करतात तसं चटईवर ओतून उन्हात वाळवायचं. गंमत म्हणजे या पिकाचं बी कुठून येतं हे पिकवणाऱ्यांना माहीतच नव्हतं. ते 1949 साली शोधलं इंग्लंडमधल्या कॅथलीन ड्रू नावाच्या बाईंनी, ज्या कधी जपानला गेल्याच नाहीत. (तिकडच्या शेतकऱ्यांनी पुढे त्यांचं स्मारक उभारलं. आपल्याकडे कुठल्या कृषी शास्त्रज्ञाचं वावराच्या धुऱ्यावर स्मारक आहे का, आठवून बघा.)

मग कारखाने आले. 1958 साली एदो नदीत एका कागदगिरणीचं काळं पाणी आलं, मासे मेले आणि नदीपलीकडच्या उरायासूचे मच्छीमार गिरणीत घुसले. त्याच वर्षाअखेरीस जपानने पाण्याच्या प्रदूषणाबद्दलचे पहिले कायदे केले. पण समुद्र काही वाचला नाही. बंदर वाढवायचं होतं, भराव टाकायचा होता. 1962च्या डिसेंबरमध्ये टोकियोच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी भरपाई घेऊन आपले हक्क सोडले, आणि 1963च्या वसंतात तिथलं नोरीचं पारंपरिक पीक शेवटचं निघालं. 1969ला कासाई स्टेशन आलं, 1979ला निशि-कासाई. आणि वीस वर्षांनी आम्ही, डाळीची पाकिटं घेऊन.

यानंतर माझं शनिवारचं भटकणं बदललं. स्टेशनवर उतरलो की आधी आबाजींचा प्रश्न. पह्यले काय होतं?

हिबियाला उतरलो. आजूबाजूला मोठमोठी हॉटेलं, समोर राजवाड्याचा खंदक. इथे चारशे वर्षांपूर्वी समुद्राची खाडी होती. तोकुगावा इएयासू 1590 साली एदोला आला, त्यानंतर कांदाची टेकडी खणून तिच्या मातीने ही खाडी बुजवली. आणि नोरीसाठी रोवायच्या त्या फांद्यांना म्हणतात 'हिबी'. हिबिया हे नाव त्यावरूनच पडलं असं मानतात. नोरी गेली, समुद्र गेला, खाडी बुजली, आणि नाव चार शतकं तिथेच उभं! त्या दिवशी मी मेट्रोच्या पाटीचाच फोटो काढून आणला.

त्सुकुदाजिमालाही गेलो. इएयासूच्या मर्जीतले ओसाकाकडचे मच्छीमार सतराव्या शतकात इथे वसले, आपल्या मूळ गावाचं नाव घेऊन. सोया सॉसमध्ये आटवलेले छोटे मासे ते विकत, त्या पदार्थाचं नावही त्सुकुदानी. नागपूरकराला यात नवल वाटू नये, आमच्याकडे इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी आहेतच. बाजाराचा वार हेच वस्तीचं नाव. जपानातही योक्काइची नावाचं शहर आहे, अर्थ चौथ्या दिवसाचा बाजार.

पण टोकियोला उगाच डोक्यावर घ्यायला नको. 1962 सालीच तिथे पत्ते सुटसुटीत करण्याचा कायदा झाला आणि कितीतरी जुनी मोहल्ल्यांची नावं पुसली गेली. माझ्यातला इंजिनियर म्हणतो बरोबरच आहे, पोस्टमनचा विचार करा. पण कांदाचे लोक अडून बसले. तिथल्या मिसाकिचो आणि सारुगाकुचो या दोन वस्त्यांनी आपल्या नावामागचं गेलेलं 'कांदा' 2018 साली परत मिळवलं. पन्नासेक वर्षांनी! पत्त्यात एक शब्द जास्त लिहावा लागतो, एवढाच त्यांचा फायदा.

सगळ्यात जास्त वेळ काढला तो ओमोरीला. हेइवाजिमा स्टेशनपासून पंधरा मिनिटं चालत गेलं की 2008 साली उघडलेलं नोरीचं छोटं संग्रहालय आहे. होड्या, चटया, सुऱ्या. आणि एक भलंमोठं लाकडी पादत्राण, खुर्चीएवढं उंच. ते घालून माणूस समुद्रात उभा राहायचा आणि फांद्या रोवायचा. मी ते बघत असताना एक म्हातारे स्वयंसेवक जवळ आले. माझं जपानी तोडकंमोडकं. त्यांनी हात पुढे करून बोटं दाखवली आणि थंडीने कुडकुडल्याचा अभिनय केला. लहानपणी त्यांनी हे काम केलं होतं. मला विचारलं, तुझ्या घरचे काय करतात? मी म्हटलं, आजोबा शेतकरी होते. होते, असंच म्हणालो. जपानीत भूतकाळ मला नीट जमायचा.

आमचं हुडकेश्वरचं घर ज्या ले-आऊटमध्ये आहे ना, तो आबाजींच्याच वावरावर आहे. उमरेड रोडच्या बाजूला म्हाळगी नगरच्या पुढे शहर सरकत आलं तसे प्लॉट पडत गेले. 2013 साली हुडकेश्वर-नरसाळा महापालिकेत गेलं. शेवटचा तुकडा विकला तेव्हा मी दहावीत होतो. त्याच पैशातून माझी इंजिनियरिंगची फी भरली, हे घरात कोणी बोलत नाही पण सगळ्यांना माहीत आहे. ले-आऊटला एका देवाचं नाव आहे, गल्ल्यांना नंबर आहेत. जुनं काही उरलं असेल तर ते विक्रीपत्रात, मौजा हुडकेश्वर, खसरा क्रमांक अमुक. बंडी, वखर, डवरा कधीच भंगारात गेले. ओमोरीला ते पायताण काचेच्या पेटीत ठेवलंय आणि आमचा वखर किलोने गेला.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी आबाजींजवळ वही घेऊन बसलो. म्हटलं, आपल्या वावरांची नावं सांगा.

"आता काऊन पायजे तुले?"

"लिहून ठेवतो."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोटावर मोजायला लागले. नाल्यावरचं. मोठं वावर. खारीचं. विहिरीचं, ज्यातली विहीर बुजवून आता पाण्याची टाकी झालीये. कुठे पऱ्हाटी, कुठे तूर, धुरा कुठून कुठे जायचा, तेही सांगितलं. मी कागदावर नकाशा काढत होतो, गल्ली नंबर चारवर नाला आला. पाचव्या वावराशी अडले. "होतं एक... तुह्या बाबाचं लगन झालं त्या साली त्यात भुईमूग होता." नाव काही आठवेना. चिडले आणि जेवायला उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो होतो. गाडी काढत होतो, तर आबाजी काठी टेकत पोर्चमध्ये आले.

"चिचीचं," म्हणाले. "चिचीचं वावर. तू जिथं गाडी लावतं थेच."